टसरच्या वेटोळ्यातली पोकळी

१

धामण हातात घ्यायची असेल तर त्याआधी साबणानं हात धुवायचे नाहीत. हा अक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, पहिला नियम. साबणाचा वास लागला की तिला हात ओळखू येत नाही, आणि न ओळखलेल्या हाताला धामणीकडे एकच उत्तर असतं. दुसरा नियम, हात वरून न्यायचा नाही, कारण वरून घारी येतात. बाजूनं, जमिनीलगत, तळवा उघडा ठेवून जायचं आणि पोटाखाली हात सरकवायचा. मान धरायची नाही. तिसरा, उंदीर गिळल्यावर चार दिवस आणि डोळे दुधाळ झाले की कात टाकेपर्यंत तिच्या वाटेला जायचं नाही. त्या दिवसांत तिला नीट दिसत नसतं, आणि घाबरलेल्या प्राण्याइतकं चिडकं कुणी नाही.

"अगदी तुझ्यासारखी आहे," अक्का मला म्हणायची. "फक्त ती चावते, तू कोपऱ्यात जाऊन बसतेस."

आमचं घर शिंप्याचं. कानडी मुलखात, चिकपेटेतल्या एका बोळात खाली दुकान, मागे कापडाची खोली आणि वर माडी. कापड आलं की उंदीर आलेच. मांजर पाळून पाहिली, तर ती ठाणांवर नखं काढायची आणि नको ते करून ठेवायची. तेव्हा यल्लाप्पानं शहराबाहेरच्या आनेकलहून पहिली धामण पोत्यात घालून आणली. यल्लाप्पा मूळचा बेळगावकडचा. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या दुकानात काजं-बटणं करतो. शेताच्या बांधावर असल्या धामणी त्यानं लहानपणापासून हाताळल्या होत्या. विष नाही, पण तोंड मात्र तिखट.

सोमवारी दुकान बंद. त्या दिवशी सकाळी कापडाच्या खोलीत धामण सोडायची. दिवसभर ती ठाणांमागून, फळ्यांखालून फिरायची, आणि संध्याकाळी तिला उचलून चहाच्या खोक्यात ठेवायची. खोक्याला वर जाळी होती. उचलता यावी म्हणूनच माणसाळवायची. ते काम अक्काचं. तिनं दोन धामणी माणसाळवल्या होत्या आणि नावं कापडांवरून ठेवली होती, अलपाका आणि गॅबर्डीन. दोघी म्हाताऱ्या झाल्यावर यल्लाप्पा त्यांना शेतात सोडून आला. तिसरी टसर. पिवळसर तपकिरी, माझ्या खांद्याला लागेल एवढी लांब आणि तिघींत सगळ्यात खाष्ट, अक्काशिवाय कुणाच्या हाती न येणारी. खोक्याजवळ पाऊल वाजलं की मान चपटी करून गुरगुरायची. धामण गुरगुरते हे लोकांना खरं वाटत नाही. लांबून कुणीतरी शिलाई यंत्र संथ चालवावं तसा तो आवाज असतो.

माणसाळवायची रीत साधी होती. जो हाताळणार त्याचं अंगावरचं, न धुतलेलं कापड खोक्यात घालायचं आणि रोज त्याच वेळी हात आत न्यायचा. "ज्याचं कापड, त्याचा साप," यल्लाप्पा म्हणायचा. अक्का डावरी होती. माणसाळलेली धामण तिच्या डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत तीन वेटोळी घालायची आणि डोकं वर नेऊन तिच्या खांद्यावर टेकवायची. तशीच ती कापडं मोजायची, हिशेबानं कात्री चालवायची आणि मला पाढे विचारायची.

२

अक्काचं नाव हेमलता. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. मी तीन वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून मला न्हाऊ घालणारी आणि वेणी घालणारी तीच.

छप्पन्न साली दिवाळीच्या सुमारास तिचं लग्न ठरलं. लग्नाचं पोलकं अण्णांनी स्वतः बेतलं, कच्च्या टाक्यांनी जोडलं आणि अंगावर घालून पाहायला दिलं. त्या दिवशी ऊन फार होतं आणि ती आरशासमोर घामेजून उभी होती. त्याच आठवड्यात तिला खोकला लागला. डॉक्टरांनी क्षय सांगितला. लग्न आधी पुढं ढकललं, मग मोडलं.

तिला माडीवरच्या खोलीत ठेवलं. धाकट्या मुलीनं आत जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गोजराआत्या, म्हणजे अण्णांची विधवा बहीण, तिचं सगळं करायची. मी ताट दाराबाहेर ठेवायची आणि जिना उतरून यायची.

ज्येष्ठातल्या एका दुपारी आत्या बाजारात गेली होती. मी जिन्यावर पुस्तक घेऊन बसले होते.

"प्रेमे, आहेस का?" आतून आवाज आला.

"आहे."

"आत ये की. स्वल्प हात धर माझा. फार वेळ नको."

मी दारापर्यंत गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. फटीतून खाटेचा पाय दिसत होता आणि आतून औषधाचा आणि आणखी कशाचा तरी वास येत होता.

"डॉक्टर नको म्हणालेत," मी म्हणाले.

आत खाट करकरली.

"सरी, बरं," ती म्हणाली. मग पुन्हा, मलाच समजावल्यासारखं, "सरी, सरी."

डॉक्टर तसं म्हणाले होते हे खरं. पण मी त्यांच्यासाठी थांबले नव्हते. मला भीती वाटली होती. अक्का त्यानंतर अकरा दिवस होती, आणि तिनं मला पुन्हा बोलावलं नाही. हे मी कुणालाही सांगितलं नाही.

३

तिची गादी आणि कपडे जाळून टाकले. खोलीला चुना दिला. तेरावा झाला, आणि मग टसरचं काय करायचं हा प्रश्न आला. सात महिने तिला कुणी हातात घेतलं नव्हतं, आणि ती होती त्याहून रानटी झाली होती. काचेसारखा नाजूक जीव घरात पडून असताना कुणाला साप सुचणार होता? यल्लाप्पा आठवड्याला एक उंदीर जाळी सरकवून टाकायचा, एवढंच.

"गेली ती गेली," आत्या म्हणाली. "आता तिचा साप कशाला सांभाळायचा? गिऱ्हाइकं घाबरतात. परवा ती नगरथपेटची बाई 'केरे हावु, केरे हावु' करत पायरीवरूनच परतली."

"केरे हावु म्हणजे धामणच की," यल्लाप्पा म्हणाला. "वाघ म्हणाली न्हाई, नशीब समजा."

"तू गप रे. आणलीस तूच."

अण्णा मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "दसऱ्याच्या आयुधपूजेपर्यंत राहू दे. तोवर कुणाच्या हाती आली तर ठेवू. नाहीतर यल्लाप्पा आनेकलला सोडून येईल."

"कुणाच्या हाती येणार? तुमच्या?"

"मी घेईन," मी म्हणाले.

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी चारचौघांत सहसा बोलत नाही. आत्या काहीतरी म्हणणार होती, पण अण्णांचा चेहरा बघून तिनं पदरानं नाक पुसलं आणि आत गेली.

टसर गेली तर अक्काच्या हातचं घरात काहीच उरणार नव्हतं. माझ्या मनात एवढंच होतं.

गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून खोकं वर, अक्काच्या त्या चुना दिलेल्या खोलीत हलवलं. खोलीत दुसरं काही नव्हतं. छपरात एक काचेचं कौल होतं, त्यातून उन्हाचा चौकोन फरशीवर पडायचा आणि दुपारभर खोलीतून सरकत जायचा. मी शाळेतून आले की वर जायची. माझा घामाचा झगा खोक्यात घातला होता. उंदीर दिल्यानंतरचे दिवस सोडून रोज हात नेला आणि रोज ती चावली. धामणीचे दात बारीक असतात. टाचणीनं टोचलेल्या अर्धवर्तुळासारखे ठिपके उमटतात आणि रक्त मात्र पुष्कळ येतं. शाळेत मी हात दप्तराखाली लपवून बसायची. महिना गेला, तरी काही फरक पडला नाही.

४

श्रावणाच्या शेवटी मी दुकानातल्या बाकी कामांचा गठ्ठा आवरत होते. तळाशी जुन्या वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं निघालं. त्यात लग्नाचं ते पोलकं होतं. रेशीम तसंच, कच्चे पांढरे टाके तसेच. कपडे जाळताना ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण ते कपड्यांत नव्हतं, कामांत होतं.

आमच्यात एक रीत आहे. एखाद्यासाठी कपडा बेतला आणि तो माणूस गेला, तर टाके उसवायचे. बाही वेगळी, पाठ वेगळी, गळपट्टी वेगळी. कापडाचं पुन्हा कापड झालं की मग ते कशालाही वापरता येतं. लहानपणापासून मी हे कितीदा पाहिलं होतं. एकदा तर मीच अण्णांना एका म्हाताऱ्यांचा कोट उसवायला मदत केली होती.

मी पोलकं उसवलं नाही. मी ते नाकाशी नेलं. काखेपाशी रेशमावर डाग होता, आणि त्या डागात अक्का होती. डोक्याला लावायचं तेल, घाम, कात्रीच्या लोखंडाचा वास. मी बराच वेळ तशीच बसले होते. मग मला वाटलं, टसरनं तिला ओळखलं तर ती निदान शांत होईल, आणि शांत झाली की मला हात नेता येईल.

मी माझा झगा खोक्यातून काढला आणि ते पोलकं तळाशी पसरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी दार उघडलं तेव्हा गुरगुर ऐकू आली नाही.

५

साप गुंडाळी करतो तेव्हा ती चपटी असते, कढईत सोडलेल्या जिलबीसारखी. मी खोक्यात वाकून पाहिलं तेव्हा टसरची गुंडाळी तशी नव्हती. पोलक्याची डावी बाही खोक्याच्या तळाशी पसरली होती. बाहीच्या तोंडापुढं टसरनं तीन वेटोळी घातली होती आणि ती आडव्या धरलेल्या स्प्रिंगसारखी उभी होती. मधे पोकळ. बाहीजवळचं वेटोळं मोठं, पुढचं जरा लहान, त्यापुढचं आणखी लहान. तिथून तिची मान मागं वळली होती आणि डोकं पोलक्याच्या खांद्याशी होतं. ते खांद्यावर टेकलं नव्हतं. खांद्याच्या चार बोटं वर होतं आणि स्थिर होतं.

मी जाळी उचलली आणि तळवा आत नेला. ती गुरगुरू लागली. मग गुरगुर मधेच थांबली, रडणाऱ्या मुलाला कुणी थोपटल्यावर थांबते तशी. ती चावली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी हात मागं घेतला आणि विचार केला. ती कात टाकायला आली असेल. पण डोळे स्वच्छ होते. पोट भरलं असेल. पण उंदीर देऊन आठ दिवस झाले होते. साप फांदीला वेटोळी घालतो तशीच सवयीनं घातली असतील. हे मला पटण्यासारखं वाटलं, आणि मी खाली येऊन भूगोलाचा अभ्यास केला.

पण दुसऱ्या दिवशीही तेच दिसलं, आणि तिसऱ्या दिवशीही. सोमवारी मी अण्णांची टेप वर नेली.

टेपचं पितळी टोक मी फूटपट्टीनं ढकलत बाहीजवळच्या वेटोळ्यात आतून फिरवलं. टसर हलली नाही. आतला घेर पावणेआठ इंच भरला. मग मी खाली जाऊन मापांची वही काढली. हेमलता, लग्नाचं पोलकं, बाही कोपराखाली, मोरी साडेआठ. मोरी म्हणजे बाहीच्या तोंडाचा घेर. बाही घट्ट बसू नये म्हणून अण्णा पाऊण इंच सैल ठेवतात. साडेआठातून पाऊण गेलं की पावणेआठ.

मी वही जागेवर ठेवली. अण्णा म्हणाले, "काय बघत होतीस?"

"काही नाही. एक माप."

"कुणाचं?"

"शाळेतल्या मैत्रिणीच्या आईचं," मी म्हणाले. मी अण्णांशी खोटं बोलले ते एवढंच.

६

त्यानंतर रोज दुपारी मी त्या खोलीत जाऊन बसू लागले. खोक्यापासून दोन हातांवर, भिंतीला पाठ लावून. भीती वाटायची, पण मी उठायची नाही. काही ऐकू यायचं नाही. फक्त कधीतरी टसर हळूच सगळ्या अंगानं वर उचलली जायची आणि पुन्हा खाली यायची, श्वासाबरोबर. मी मोजून पाहिलं. सापाचा श्वास इतका मोठा नसतो.

पुढच्या सोमवारी घेर साडेसात भरला. त्यापुढच्या सोमवारी सव्वासात. मी स्वतःला सांगितलं की टेप तिरकी गेली असेल. तीनदा फिरवून पाहिली, तरी सव्वासातच.

त्या संध्याकाळी आत्या पोळ्या लाटत होती. मी सहज विचारावं तसं विचारलं, "आत्या, अक्का शेवटी फार वाळली होती?"

तिचं लाटणं थांबलं. "का गं?"

"मी पाहिलं नाही ना."

"हात म्हणजे नुसती काडी झाली होती," ती म्हणाली. "बांगड्या राहीनात. कोपरापर्यंत चढवून मी दोऱ्यानं बांधून ठेवायची. ती म्हणायची, आत्या, मला टाके घालतेस होय? हसायची." मग ती पोळपाटाकडे बघत म्हणाली, "बरं झालं नाही पाहिलंस ते."

त्यानंतरच्या सोमवारी घेर पावणेसात भरला.

मला कळलं होतं. कसं ते माहीत नव्हतं, पण काय ते कळलं होतं. जे सात महिने दाराच्या पलीकडे झालं होतं, ते पुन्हा होत होतं, आणि या वेळी आठवड्यांत होत होतं. पोलकं काढून उसवलं असतं तर थांबलं असतं. पण ते थांबणं म्हणजे तिला मधेच खोलीबाहेर काढण्यासारखं होतं. आणि ठेवलं असतं तर ते शेवटापर्यंत जाणार होतं. दोन्हीकडून ती जाणारच होती. मी कुठं असायचं, एवढंच माझ्या हाती होतं.

आयुधपूजेला चार दिवस उरले तेव्हा यल्लाप्पा वर आला. "बघू तरी, काय केलंस धामणीचं," असं म्हणून त्यानं गुडघे टेकले आणि हात बाजूनं आत नेला. टसर गुरगुरली आणि मधेच गप्प झाली. यल्लाप्पानं हात तसाच ठेवला. मग सावकाश बाहेर काढला आणि धोतराला पुसला.

"हिला रोज कोण घेतंय?"

"मीच."

"तू नव्हं. तुझ्या हातावर दातांचे जुने वण हाईत, पण हिच्या अंगाला तुझी सवय न्हाई. तुझ्याकडं ती बघतबी न्हाई." त्यानं वाकून खोक्याच्या तळाशी पाहिलं. "हे कुणाचं?"

त्यानं कच्चे टाके पाहिले. चाळीस वर्षं तो शिंप्याच्या दुकानात आहे.

"काढून घे पोरी," तो म्हणाला.

"काढलं तर चावेल."

"चावू दे की. चावली तर साप हाय म्हणायचं." तो उठला. दाराशी जाऊन पुन्हा वळला, पण माझ्याकडे न बघता उन्हाच्या चौकोनाकडे बघत राहिला. "एकटी बसू नको इथं."

"एकटी नाही," मी म्हणाले. ते तोंडातून निघून गेलं.

तो जिना उतरला. खाली त्यानं काही सांगितलं नसावं, कारण मला कुणी काही विचारलं नाही.

७

आयुधपूजेच्या सकाळी दुकानातली सगळी यंत्रं पुसून ओळीनं मांडली होती. कात्र्या, गज, इस्त्री, टेपसुद्धा पाटावर. अण्णा झेंडूच्या माळा घालत होते आणि आत्या कोहळ्याला कुंकू लावत होती. दारातून धुपाचा वास बोळभर गेला होता.

"प्रेमा," अण्णांनी हाक मारली, "पूजा झाली की तुझी धामण खाली आण. बघू या."

"आता आणते," मी म्हणाले आणि वर गेले. हात साबणानं धुतले नव्हते.

दार लोटलेलं होतं. मी रात्री ते नीट लावलं होतं, असं मला आठवत होतं. पण लावलं असेलच असं नाही. मी बाहेर उभी राहिले. आतून काही आवाज नव्हता, आणि त्या औषधाचा वास येत होता. चुन्याच्या वासाच्या खालून, अगदी थोडा.

मी दार ढकललं आणि आत गेले.

खोक्याची जाळी बाजूला सरकलेली होती. टसर खोक्यात नव्हती. पोलकं उन्हाच्या चौकोनाजवळ फरशीवर पडलं होतं, डावी बाही माझ्याकडे करून. बाहीपुढं तिची वेटोळी होती. ती इतकी लहान झाली होती की माझी मूठसुद्धा त्यांतून गेली नसती. आणि ती फरशीवर नव्हती. फरशीपासून वीतभर वर होती. त्यांच्याखालून उन्हाचा चौकोन सरळ गेला होता, आणि उन्हात वेटोळ्यांची सावली पडली होती. सावलीत वेटोळी पोकळ नव्हती.

सावली मी फार वेळ पाहिली नाही. वेटोळी थरथरत होती. दुखणेकऱ्यानं हात उचलून धरला की तो थरथरतो तशी. कुणीतरी फार कष्टानं ती वर धरून ठेवली होती, आणि आता फार वेळ धरणं शक्य नव्हतं.

"प्रेमा," खालून आत्याची हाक आली. "आणतेस ना? नारळ फोडायचाय."

"स्वल्प थांबा," मी म्हणाले.

मी फरशीवर बसले. पळून जावं असं वाटत होतं, आणि दार माझ्या पाठीशी उघडंच होतं. मी हात बाजूनं नेला, जमिनीलगत, तळवा उघडा ठेवून. शेवटच्या वेटोळ्याच्या पुढं, जिथं काहीच नव्हतं तिथं, मी तो थांबवला.

प्रथम काही झालं नाही. मग माझ्या तळव्यावर थोडं वजन आलं. फार थोडं. चिमटीत धरलेल्या रेशमाच्या तुकड्याएवढं. ते गार होतं. ते माझ्या बोटांवरून मनगटाकडे सरकलं, मनगटाभोवती आलं आणि तिथं थांबलं.

टसर हलली. एक एक वेटोळं पुढं सरकवत ती माझ्या हातावर आली. तीनही वेटोळी माझ्या मनगटापासून वर कोपरापर्यंत झाली, पण त्यांतलं एकही माझ्या कातडीला टेकत नव्हतं. माझा हात आणि साप यांच्यामध्ये सगळीकडून बोटभर अंतर होतं.

मी नुसता हात धरून बसले. खाली कुणीतरी घंटा वाजवली, नारळ फुटला, अण्णा काहीतरी म्हणाले आणि यल्लाप्पा हसला. उन्हाचा चौकोन माझ्या गुडघ्यावर आला आणि पुढं गेला. तेवढा वेळ वेटोळी हळूहळू खाली उतरत होती. ती इतक्या सावकाश उतरत होती की नजर लावून ठेवली तर हलतायत असं वाटायचं नाही, आणि नजर काढून परत बघितलं तर अंतर कमी झालेलं असायचं. बोटभराचं अर्धं बोट झालं. मग नखाएवढं. मग कागदाएवढं.

मग टसर माझ्या हाताला टेकली. कोरडी, खरबरीत, जड. खरोखरीची.

तिला कळलं की हा परका हात आहे. तिनं मान चपटी केली, गुरगुरली आणि अंगठ्याच्या मुळाशी चावली. या वेळी गुरगुर मधे थांबली नाही. तिला थांबवायला कुणी नव्हतं.

८

यल्लाप्पानं तिला पोत्यात घातलं. त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. दुपारच्या बसनं तो आनेकलला गेला. अण्णा एवढंच म्हणाले, "जाऊ दे. नाही जमलं तर नाही जमलं," आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग वर गेले आणि पोलकं हातात घेऊन बराच वेळ खाली आले नाहीत.

मोरीवर बसवून आत्या माझा हात धूत होती. दातांचे ठिपके पाण्यात पुन्हा पुन्हा लाल होत होते.

"एवढा वेळ वर काय करत होतीस? चावल्यावर हाक तरी मारायचीस." तिचा हात माझ्या मनगटावर आला आणि थांबला. "इथंच एवढं गार का लागतंय?"

मी मनगट ओढून घेऊ लागले, पण तिनं ते सोडलं नाही.

"घातलास कशाला हात? दिसत होतं ना, चावणार म्हणून."

"अक्कानं मागितला होता," मी म्हणाले.

"काय?"

"हात. आत ये, स्वल्प हात धर, म्हणाली होती. मी गेले नाही."

आत्यानं तांब्या खाली ठेवला. "कधी?"

"ज्येष्ठात. तू बाजारात गेली होतीस."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ती रागावेल, आणि तिनं रागवावं असं मला वाटत होतं. तिनं पुन्हा तांब्या भरला, माझं मनगट दोन्ही हातांत धरलं आणि जिथं चावलं नव्हतं तिथंही पाणी घालत राहिली.